चोख माप

परदेशातल्या मुलाकडे वडील राहायला आले, की पहिल्याच आठवड्यात एक अवघड प्रसंग येतो. वडील विचारतात, "तू नक्की करतोस काय?" मुलगा म्हणतो, "सॉफ्टवेअर." वडील म्हणतात, "ते कळलं रे. पण करतोस काय?" आयर्लंडमधल्या नास गावी उपेंद्रच्या घरात हा संवाद इतक्या वेळा झाला, की स्वयंपाकघरातली किटलीसुद्धा तो म्हणून दाखवायला लागली होती.

उपेंद्रचे वडील मुरलीधरराव सांगलीचे. वजनमापे खात्यात पस्तीस वर्षं निरीक्षक. नुसत्या खोकल्यावरून दुकानदाराचा काटा किती ग्रॅम खातो ते ओळखायचे, अशी त्यांची ख्याती. खरंखोटं तो खोकणारा जाणे. नासला उतरल्या दिवशी त्यांनी लोण्याचं पाकीट सुनेच्या काट्यावर ठेवलं. पाकिटावर चारशे चोपन्न ग्रॅम लिहिलं होतं, काट्यावरही तेवढंच भरलं. पुढे दोन दिवस ते उदास होते. "या देशात माझ्यासारख्याला कामच नाही," म्हणाले.

शेवटी एका रविवारी उपेंद्रने त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं.

तो जवळच्या सॅलिन्स स्टेशनवरून गाडी पकडून रोज शहरात ग्रँड कॅनाल डॉकला जायचा, तिथल्या एका छोट्या कंपनीत. कंपनीने क्रिप्टोवर चालणारा पैज लावायचा खेळ काढला होता. नाव 'पतंग'. स्क्रीनवर पतंग वर चढतो. जितका वर जाईल तितके तुमचे पैसे वाढतात. मांजा तुटायच्या आत उतरवलात तर पैसे तुमचे. तुटला तर गेले.

"आणि मांजा कधी तोडायचा ते तुम्ही ठरवता. सट्टाच हा," मुरलीधरराव म्हणाले.

"इथेच तर गंमत आहे, बाबा. तो कधी तुटणार ते खेळाआधीच ठरतं आणि कुलपात बंद होतं. आम्हालाही ते बदलता येत नाही. खेळ संपला की किल्ली सगळ्यांना देतो. ज्याला शंका असेल त्याने उघडून बघावं. शंभरातला एक हिस्सा कंपनीचा, तोही पहिल्याच पानावर लिहिलेला. आम्ही खेळाडूला फसवू शकत नाही, खेळाडू आम्हाला फसवू शकत नाही. ही सगळी रचना माझी."

मुरलीधररावांनी चष्मा पुसला. "म्हणजे तू शिक्का मारतोस, माझ्यासारखा." चष्मा परत चढवला. "शाबास."

चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला वडिलांकडून शाबासकी मिळणं म्हणजे काय, हे ज्याला मिळाली नाही त्यालाच कळतं. उपेंद्र त्या दिवशी घरभर शीळ घालत फिरला.

वरच्या खोलीत गंधार नावाचा एक मुलगा भाड्याने राहायचा. कराडचा, तेवीस वर्षांचा, मेनूथला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करणारा. मेनूथला खोली मिळण्यापेक्षा तिथल्या पडक्या किल्ल्याचं सरदारपद मिळणं सोपं, म्हणून तो नासहून बसने जायचा. वडील गेलेले. आई सुहासिनीबाई बालवाडी चालवायच्या. वडिलांच्या फंडातून फी भरली जात होती. उपेंद्रला तो दादा म्हणायचा आणि उपेंद्रच्या बायकोला, शुभदाला, वहिनी.

खेळ बाजारात येण्यापूर्वी उपेंद्रनेच त्याला कामाला लावलं होतं. "खोटी नाणी देतो. खेळात पळवाट सापडते का बघ." आणि गंधारला खरंच एक सापडली! काही फोनवर मांजा तुटल्याची खूण अर्धा सेकंद आधी पोचायची. ज्याला ते कळलं, तो कधीच हरला नसता. उपेंद्रने भोक बुजवलं, कंपनीने गंधारला दोनशे युरो बक्षीस दिलं आणि उपेंद्र त्याची पाठ थोपटून म्हणाला, "काय डोकं आहे रे तुझं! सगळ्या ऑफिसात कुणाला दिसलं नाही ते."

पाठ थोपटताना हात कुठे पडतोय हे कोण बघतो?

खेळ सुरू झाला, भराभर चालला. तिसऱ्या महिन्यात उपेंद्रने जेवताना एक नवी गोष्ट काढली.

"आमच्याकडे एक उंदीर शिरलाय."

"अगं बाई, ऑफिसात?" शुभदा म्हणाली.

"खेळात गं. कोणीतरी एक खेळाडू आहे. नाव कळत नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. पण खेळायची पद्धत बघितलीस तर थक्क होशील. आधी लहान पैज, मग थांबतो, मग ठरावीक सेकंदाला मोठी. भिंतीला दात लावून बघतोय, कुठे पोकळ लागतं का. सहा आठवडे झाले. ऑफिसात सगळे त्याला उंदीरच म्हणतात."

गंधारने वरणात भात कालवला, कालवतच राहिला. "मिळालं का त्याला बीळ, दादा?"

"कुठलं मिळतंय? सगळी मीच लिंपलीत. काल मीटिंगमध्ये आमच्या साहेबाने, डेक्लनने, त्याचा आलेख पडद्यावर लावला. म्हणाला, एवढा हुशार माणूस सहा आठवडे धडका देतोय आणि आपलं एक नाणं हललं नाही. याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं? टाळ्या पडल्या."

"बरंच गेलं असेल ना त्याचं?" शुभदाने विचारलं.

"भरपूर. पण फसवायला आला होता ना? मग भोगेल."

"गंधार, पोळी घे," शुभदा म्हणाली. "काही खाल्लंच नाहीस."

"आय'म ग्रँड, वहिनी, पोट भरलं," तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला.

मुरलीधरराव दुपारी कालव्याच्या काठाने फिरायला जायचे. नासमध्ये कालवा संपतो तिथे छोटा धक्का आहे. हंस इतके माजलेले, की पाव आणला नाही तर माणसाचा पासपोर्ट मागतात. एका मंगळवारी तिथल्या बाकावर त्यांना गंधार दिसला. मांडीवर लॅपटॉप, शेजारी एक जाड वही, आणि पाऊस भुरभुरत असून डोक्यावर टोपी नाही.

"कॉलेज नाही का आज?"

गंधार दचकला नाही. दमलेली माणसं दचकत नाहीत. "कॉलेज जानेवारीतच सुटलं, काका. फीचा दुसरा हप्ता भरला नाही, नाव कमी झालं. मी रोज नऊला निघतो आणि इथे येऊन बसतो."

"फीचे पैसे कुठे गेले?"

त्याने वही पुढे केली. पानन् पान भरलेलं. मांजा किती वाजता तुटला, किती उंचीवर तुटला, हवामान काय होतं, तेसुद्धा. मुरलीधरराव जन्मभर आकड्यांच्या वह्या तपासत आलेले. चार पानं उलटली आणि त्यांना सगळं कळलं.

"उंदीर तू."

"हो."

"अरे, पण तुला तर माहीत होतं. बाहेरच्यांपैकी तो खेळ आतून बघितलेला तू एकटा."

"म्हणूनच, काका." गंधार पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळला. "पहिली पळवाटही कुणाला दिसली नव्हती. मला दिसली. मग दुसरी असणारच ना? सापडली की फी येईल, वर बक्षीस येईल, असं वाटलं. मी जुगार खेळत नव्हतो हो. मी शोधत होतो."

"आणि इथे राहायच्या परवान्याचं कार्ड?"

"मार्चअखेर संपतं. कॉलेज नाही तर नवं नाही."

"आईला माहीत आहे?"

यावर गंधारने लॅपटॉप मिटला आणि रडू लागला. मुरलीधररावांनी त्याच्या डोक्यावर आपली टोपी घातली. दुसरं काय घालणार?

संध्याकाळी उपेंद्र घरी आला तेव्हा वडील स्वयंपाकघरात वाट बघत होते. त्यांनी सगळं सांगितलं. उपेंद्रच्या तोंडातून निघालं ते भलतंच.

"मी त्याला खरे पैसे लावायला सांगितलं नव्हतं. आणि बाबा, खेळ चोख आहे. त्याच्याशी कोणी लबाडी केलेली नाही."

"बस," मुरलीधरराव म्हणाले. "तुला तुझ्या काकाचं सांगतो."

"शिरीषकाकाचं? त्यांना कावीळ झाली होती ना?"

"तुला तेवढंच सांगितलं होतं. माझ्या हद्दीत देशी दारूचं एक दुकान होतं. बाकी सगळे माप मारायचे, हा नाही. दर वर्षी मी जायचो, माप पाण्याने भरून बघायचो. थेंबभर कमी नाही. मी शिक्का मारायचो. मला त्या दुकानाचा अभिमान वाटायचा, उपेंद्र! मी चारचौघांत त्याचं उदाहरण द्यायचो. तुझा काका लांबच्या आळीतून चालत तिथेच जायचा. म्हणायचा, इथे फसवत नाहीत, दादाचा शिक्का आहे." ते थांबले. "नऊ वर्षं तो चोख मापाने प्यायला. आणि गेला. मापात काय ओततात ते तपासणं माझ्या खात्यात बसत नव्हतं. मी नियमाने बरोबर होतो. आजही आहे. पण तुझ्या काकूला मी कधी सांगू शकलो नाही, की त्याला ते दुकान माझ्यामुळे आवडायचं."

उपेंद्र टेबलाची कड बोटाने घासत बसला.

दोन दिवसांत गंधारचं परतीचं तिकीट काढलं. शुभदाने त्याचे कपडे धुतले, कपाटातले आपल्या घरचे दोन स्वेटरही त्याच्या बॅगेत घातले. सगळं झालं. सुहासिनीबाईंना फोन मात्र कोणी करेना. गंधारला ते जमणं शक्य नव्हतं. शनिवारी सकाळी मुरलीधररावांनी फोन उपेंद्रपुढे ठेवला.

"मला जमलं नाही ते तू कर."

पलीकडून बाईंचा हसरा आवाज आला. बालवाडीतल्या मुलांना सोडून नुकत्याच घरी आल्या होत्या. उपेंद्रने जपून, अडखळत सांगितलं. पैसे गेले, नाव कमी झालं, गंधार परत येतोय. खेळाचं नाव सांगितलं. तो कोणी बनवला हे सांगितलं नाही.

पलीकडून नुसता पंख्याचा आवाज आला.

"त्याला कोणी फसवलं का हो?" बाईंनी विचारलं. फसवलं असेल, ही त्यांची शेवटची आशा होती. "म्हणजे आम्ही पोलिसात वगैरे जाऊ. तो भोळा आहे. फसवलंच असेल कोणीतरी."

"नाही, काकू." उपेंद्रने फोन दुसऱ्या कानाला लावला. "फसवणूक नव्हती. खेळ प्रामाणिक होता."

"प्रामाणिक होता?"

"हो."

"मग माझ्याच मुलाचं चुकलं," बाई हळूच म्हणाल्या. "वडिलांचा पैसा घालवला मेल्याने. मी म्हणत होते, कोणी लुबाडला असेल. तुम्ही कशाला ओशाळता? तुम्ही तर त्याला आसरा दिलात."

उपेंद्र उभा होता तो खाली बसला. दोन वर्षं राबून, एकही फट न ठेवता, त्याने काय बांधलं होतं ते त्याला आता दिसलं. लबाड खेळात लुटल्या गेलेल्या माणसाला निदान शिव्या घालता येतात. तक्रार करता येते. त्याच्या आईला म्हणता येतं, की माझं पोर गुणी, जगच वाईट. उपेंद्रच्या खेळाने हरणाऱ्याजवळ तेवढंही ठेवलं नव्हतं. पैशाबरोबर आईचा भरवसासुद्धा काढून घेतला होता, आणि तोही नियमात बसवून!

"काकू, त्याला काही बोलू नका," तो म्हणाला. "तो खेळ मी बनवलाय. तो सहा आठवडे हरत होता ते मी रोज बघत होतो. कोण आहे ते माहीत नव्हतं, पण माणूस आहे हे माहीत होतं. मी त्याला थांबवू शकलो असतो. एका दिवसात इतकं हरलास, आता बस, एवढी एक ओळ घालायला मला दुपार पुरली असती. मी ती घातली नाही. त्याच्या हरण्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या."

बाई म्हणाल्या, "तो जेवतोय का?"

"फारसं नाही."

"गरम भात करून घाला. वर थोडं मेतकूट. पाठवलंय मी डब्यात." आणि फोन ठेवला. त्यांनी माफ केलं की नाही, ते उपेंद्रला कधीच कळलं नाही.

सोमवारी त्याने डेक्लनपुढे कागद ठेवला. हरण्याला मर्यादा, खेळाडूला थांबवणारी सूचना, सलग हरणाऱ्याला आठवडाभर दार बंद. डेक्लन वाईट माणूस नव्हता. त्याने चहा मागवला, सगळं वाचलं आणि म्हणाला, "पण आपला खेळ फेअर आहे. आणखी काय देणं लागतो आपण?" खेळ चोख असल्याचा दाखला दर महिन्याला उपेंद्रच्या सहीने निघायचा; त्या महिन्याच्या दाखल्यावर त्याने सही केली नाही. नोकरी सोडली. इथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, त्यामुळे पुढचे चार महिने त्या घरात कोणी नीट झोपलं नाही. दाखल्यावर दुसऱ्या कोणीतरी सही केली. पतंग अजून उडतो. गंधार कराडला एका शिकवणीवर्गात गणित शिकवतो. आई त्याच्याशी बोलते, पण पैशाचा विषय निघाला की दोघंही उठून जातात.

तेव्हा, मंडळी, ज्यांच्या हाती काटा आहे, शिक्का आहे, ज्यांच्या सहीवर चार माणसं डोळे मिटून विश्वास टाकतात, त्या सगळ्यांना हात जोडून सांगणं एवढंच. आपल्याला कोणी फसवू नये याची काळजी जगात सगळेच घेतात. समोरचा मुकाट्याने बुडत असेल तर त्याला हात देण्याची सोय आपण ठेवली आहे का, हेही एकदा तपासावं. माप चोख असणं ही माणुसकीची सुरुवात आहे. तिथेच जो थांबला, त्याने नियम पाळला आणि शेजारी गमावला.