येथून घेऊन जा

मला घाणीची किळस येत नाही. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात माझं आयुष्य गेलं. चादरीवर माणूस काय काय सोडून जातो ते मी रोज हाताळते आणि हात धुऊन त्याच हातांनी डबा खाते. रक्ताला गार पाणी लागतं, बाकीच्याला गरम पाणी आणि सोडा पुरतो. पण माझा धाकटा भाऊ दारात उभा राहून "ताई, प्रभूची शांती असो" म्हणाला, की मला किळस येते. त्याला सोडा लागू पडत नाही.

धाकटा उपदेशक आहे. साधासुधा नव्हे, तो श्रद्धा-गुंतवणूक मेळावे घेतो. भाड्याचं सभागृह, पांढराशुभ्र सूट, गालाला चिकटलेला माईक. पत्रकावर वरती त्याच्या हसऱ्या फोटोतले दात आणि खाली ओळ : 'वचनात गुंतवा, कायमचा परतावा मिळवा!' ज्या बायबलला हात लावण्याआधी बाबा आम्हाला हात धुवायला लावायचे, त्याची यानं पतपेढी करून टाकली. लोक रडतात, नाचतात, पाकिटं रिकामी करतात, आणि हा डोळे मिटून "आमेन, आमेन" करतो. डोळे पुरते मिटतही नाहीत. मी एकदाच गेले होते. बाहेर येऊन चूळ भरली.

बाबा मात्र खरे होते. खरे आणि छळवादी. त्यांचं केस कापायचं दुकान होतं आणि आरशाच्या कोपऱ्यात रोज शास्त्रातलं नवं वचन चिकटवलेलं असे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याला साबण लागला, की बाबा वचनाचा अर्थ सांगायला सुरुवात करत. वस्तरा गळ्यावर असताना नको कोण म्हणणार? आमच्या घरी दुसरा नियम होता. त्या दिवसाचं वचन म्हटल्याशिवाय ताट पुढं यायचं नाही. धाकटा गोड आवाजात घडाघडा म्हणायचा आणि पहिला घास घेताच विसरून जायचा. मी अडखळायची. पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. समोरचं अन्न गार व्हायचं आणि बाबा म्हणायचे, "पोटात उतरलं पाहिजे, बाई, ओठावर नको." कधी एका शब्दानं शाबासकी दिली नाही. घर सोडलं तेव्हा मी शास्त्रही सोडलं. इतका वीट आला होता.

मग बाबांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. धाकट्याला तेव्हा मेळाव्यांतून सवड नव्हती, म्हणून ते माझ्याकडे आले. 'पाणी' म्हणता येईना, माझं नाव येईना. हो आणि नाही यांची तर अशी गल्लत, की तोंडानं हो म्हणत मान नाही म्हणून हलायची. हॉस्पिटलातली वाचा-उपचारवाली मला म्हणाली, "ठरवून बोलायचा त्यांचा रस्ता बंद झालाय. पण लहानपणापासून पाठ असलेलं कधीकधी शाबूत राहतं. तिकडून काही येतंय का, लक्ष ठेवा."

आलं. एका सकाळी मी त्यांचं अंग पुसत होते आणि बाबा स्पष्ट म्हणाले, "विहीर खोल आहे."

मला वाटलं, भ्रम झाला. ते पुन्हा तेच. मी चिडून म्हटलं, "असेल हो खोल, कुठली विहीर?" आणि मग माझ्या पोटातून, जिथं ते त्यांनी मारूनमुटकून उतरवलं होतं तिथून, ती शोमरोनी बाई वर आली. विहिरीपाशी उभी, प्रभू तिच्याकडे प्यायला मागतोय आणि ती म्हणतेय, विहीर खोल आहे. मी पेला ओठाला लावला. बाबा घटाघटा प्यायले आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी परीक्षेत पहिली आले.

तेव्हापासून आमचं असंच चालतं. कूस बदलायची असली की बाबा त्या पक्षाघाती माणसाच्या गोष्टीतलं छप्पर उघडतात, ज्याला मित्रांनी खाटेसकट खाली सोडलं होतं. खोलीत फार उजेड झाला तर दमास्कसच्या वाटेवर जातात, जिथं आकाशातल्या प्रकाशानं एकाचे डोळे गेले होते. शेजारीण बडबडत बसली की त्यांना बलामाची बोलणारी गाढवी आठवते. आणि लंगोट बदलायचा असला की मान भिंतीकडे वळवून, लाजून, मार्थाचं वाक्य म्हणतात. भाऊ लाजर मेला, त्याला उठवायला आलेला प्रभू म्हणाला कबरीची धोंड सरकवा, तेव्हा ही बाई व्यवहाराचं बोलली होती : "आता दुर्गंधी येत असेल." माझ्या बापाला एवढी विनोदबुद्धी आहे, हे मला त्यांची वाचा गेल्यावर कळलं.

कधी असं काही म्हणतात की मला लागत नाही. मग मी संध्याकाळी शास्त्र काढते, शिव्या देत देत पानं उलटते आणि सापडेपर्यंत उठत नाही. काय राहिलं त्या माणसाचं? दुकान गेलं, खुर्ची भंगारात गेली, वस्तरा धरणारा हात मांडीवर मेलेल्या माशासारखा पडून असतो. राहिलं ते एवढंच, आणि तेवढ्यावर ते पाणी मागतात, थट्टा करतात, रागावतात. धाकटा म्हणतो गुंतवणूक. बाबांनी गुंतवलं नव्हतं, ते स्वतःच त्यात गुंतले होते. एवढा साधा फरक त्या दातवाल्याला कळत नाही.

गेल्या महिन्यात धाकट्याला अचानक पितृप्रेमाचं भरतं आलं.

"ताई, बाबांना मी नेतो. तू दमलीस."

"आजच कसं दिसलं तुला?"

"आमच्या प्रार्थना-केंद्रात त्यांच्यासाठी खोली केलीय. दर रविवारी व्यासपीठावर बसतील. वाचा गेली पण वचन नाही गेलं! अगं, केवढी मोठी साक्ष आहे ही! लोकांना परतावा डोळ्यांनी दिसेल."

"आणि कूस कोण बदलेल? व्यासपीठ?"

"माणसं आहेत की."

त्याच्या माणसांना 'विहीर खोल आहे' ऐकू आलं, की ती हात वर करून नाचतील आणि माझा बाप तहानेनं तडफडेल. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढं लख्ख उभं राहिलं. मी बरीच बडबड केली. त्यानं कागदोपत्री मुलगा असल्याची आठवण करून दिली. शेवटी जिभेला हाड नसल्यासारखी मी बोलून गेले, "बाबांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर घेऊन जा. मी आडवी येणार नाही." मनात म्हटलं, हो-नाही धड न येणारा माणूस काय सांगणार?

"शब्द दिलास, ताई," धाकटा म्हणाला आणि हसला.

ठरल्या दिवशी तो कॅमेरावाल्याला घेऊनच आला. खाली चाकाची खुर्ची आणि गाडी तयार. बाबांच्या जेवणाच्या फिरत्या टेबलावरून त्यानं औषधं उचलून जमिनीवर ठेवली आणि पत्रकांचा गठ्ठा, आपली पुस्तकं, माईक मांडला. मग कंगवा काढून बाबांचा भांग पाडला. जन्मभर दुसऱ्यांचे केस नीट करणाऱ्या माणसाचा भांग चुकीच्या बाजूला पाडला. मी दातओठ खात कोपऱ्यात उभी.

"बाबा," माईकपुढं धाकट्याचा आवाज तुपात घोळल्यासारखा झाला, "आयुष्यभर वचनात गुंतवलंत. काय मिळालं, सांगा लोकांना."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मान भिंतीकडे वळवली.

"आता दुर्गंधी येत असेल."

"हालेलुया!" धाकटा किंचाळलाच. "ऐकलंत? लाजराची कबर! बाबा पुनरुत्थानाबद्दल बोलतायत! प्रियजनहो, धोंड सरकणार आहे! मला जाणवतंय, या खोलीत आत्ता काहीतरी उतरतंय!"

उतरलं होतं खरंच. आधी कॅमेरावाल्याला कळलं, त्यानं रुमाल नाकाला लावला. मग धाकट्याचे शब्द अडखळले. त्याचे हात अजून वरच होते, पण नाक मुरडलं होतं.

"ताई, हे काय..."

"पुनरुत्थान," मी म्हटलं. "बाजूला हो."

मी बाबांना साफ करेपर्यंत दोघं गॅलरीत उभे. सख्खा मुलगा, बापाच्या मळाला तोंड फिरवून अत्तर हुंगत होता. बाबा मात्र डावा डोळा मिचकावत होते. मलाही हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती. खालची गाडी अजून उभीच होती.

आत आल्यावर धाकट्यानं सरळ मुद्द्याला हात घातला. कॅमेरा चालू. तो खाटेच्या कडेला बसला, पत्रकं टेबलावर नीट पसरली आणि म्हणाला, "बाबा, माझ्याबरोबर येता? हे सगळं तुमच्याच नावानं चालवतोय. तुम्ही पेरलं, मी कापतोय. येता ना?"

बाबा त्या पत्रकांकडे बघत होते. वरचे दात, खालची ओळ. त्यांचे ओठ हलायला लागले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आणि आले ते शब्द अगदी स्वच्छ, दुकानात यायचे तसे.

"हे येथून घेऊन जा!"

धाकटा ताडकन उठला. "झालं! रेकॉर्ड झालं ना? ताई, तुझ्यादेखत म्हणाले. येथून घेऊन जा. आता शब्द फिरवू नकोस."

मीच घातलेली अट, माझ्याच गळ्यात.

"थांब," मी म्हटलं. "हे कुणाचं वाक्य आहे, सांग."

"बाबांचं."

"बाबांकडे स्वतःचं वाक्य उरलेलं नाही. शास्त्रात हे कोण म्हणतं? कुणाला?"

"ताई, शब्दांचा अर्थ सरळ आहे. तुला सोयीचं ते वचन आणि मला सोयीचं ते नाही, असं कसं?" तो कॅमेरावाल्याकडे वळला. "खुर्ची वर आण."

"मंदिरात कबुतरं विकणाऱ्यांना म्हटलंय ते! प्रभूनं, हातात चाबूक घेऊन! बापाच्या घराचा बाजार मांडलात म्हणून! अरे, दिवसभर उपाशी बसून पाठ केला होता आपण तो अध्याय. विकतोस, आणि काय विकतोस तेसुद्धा ठाऊक नाही तुला?"

"तू बनवून सांगतेयस," धाकटा म्हणाला. पण आवाज खाली आला होता.

तेवढ्यात बाबांचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला. त्यांनी टेबलाची कड पकडली आणि होतं नव्हतं ते बळ लावून ढकललं. टेबल आडवं झालं. पत्रकं पंख्याखाली खोलीभर उडाली, पुस्तकं पडली, माईक फरशीवर आपटून कर्कश ओरडला. सगळीकडे धाकट्याचे दात पसरले होते. कॅमेरावाल्यानं न सांगताच कॅमेरा बंद केला आणि "मी गाडीपाशी आहे" म्हणत निघून गेला.

धाकटा हलला नाही. आपल्या पायाशी पडलेल्या पत्रकांकडे तो बघत राहिला आणि त्याचे ओठ आपोआप पुटपुटू लागले. त्याच अध्यायातलं पुढचं वाक्य, मग त्याच्या पुढचं. न अडखळता. ताटावर बसलेल्या पोरासारखा. विसरला नव्हता मेला. सगळं आत होतं, आणि तरी त्यानं दुकान मांडलं होतं. मला त्या क्षणी त्याची जेवढी किळस आली तेवढी कधी आली नव्हती. नकळत चुकणाऱ्याला माणूस हात धरून समजावेल. याला काय करायचं?

तो गुडघ्यावर बसून पत्रकं गोळा करायला लागला. सूटचे गुडघे मी मघाशी पुसलेल्या ओल्या फरशीवर टेकले होते. मी बाबांचं पांघरूण सारखं करायला वाकले, तर त्यांनी डाव्या मुठीत माझी बाही धरली. घट्ट. माझ्या डोळ्यांत बघितलं आणि खूप वेळ शोधाशोध केल्यासारखे थांबले. मग हळूच म्हणाले,

"हा माझा प्रिय पुत्र. याच्यावर मी संतुष्ट आहे."

प्रभूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा नदीच्या काठी आकाशातून आलेलं देवबापाचं वाक्य. लेकीसाठी तसं वाक्य त्यांच्या पाठांतरात नव्हतंच. जे होतं त्यातलं सगळ्यात मोठं काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं होतं, पुत्र तर पुत्र. लहानपणी गार ताटापुढं बसून ज्याची मी वाट पाहिली, ते हे.

मागे हुंदका ऐकू आला. धाकट्यानं मान वर केली होती. हातात चुरगळलेली पत्रकं, नाक वाहतंय, चेहरा वेडावाकडा. "बाबा," तो म्हणाला, "बाबा, मला?" आणि खाटेच्या कडेवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडायला लागला. कॅमेरा नव्हता, माईक नव्हता. रडणं कुरूप होतं.

अर्थ सांगणारी त्या खोलीत मी एकटीच होते. जिभेच्या टोकावर आलं होतं. तुला नाही रे, मला म्हणाले ते. बाही अजून बाबांच्या मुठीत होती. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. राहू दे त्याच्याकडे.