वापसीचा रकाना

आमच्या घरून गॅसचा सिलिंडर दोनदा परत गेला, आणि दोन्ही वेळा कारण एकच, माझे सासरे. सिलिंडरवाल्याने ओटीपी मागितला. आबांनी विचारलं, "तुला कशाला पायजे?" तो म्हणाला, नियम आहे. आबा म्हणाले, "माजाबी नियम हाय. ओटीपी कुणाला सांगायचा न्हाई. टीव्हीवर रोज वरडत्यात, ऐकत न्हाईस व्हय?" मी आतून पळत येईपर्यंत गाडी रहिमतपूरच्या रस्त्याला लागली होती. तिसऱ्या वेळी मी आबांचा फोनच ताब्यात घेतला.

आबा म्हणजे सुभेदार लालासाहेब निकम. फौजेच्या सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी संदेशांच्या खात्यात, अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झाले. फौज सुटली, पण पहारा काही सुटला नाही. ओसरीवर टेबल, टेबलावर लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर. त्यात रकाने: नाव, काम, पास नंबर, आत, बाहेर आणि वापसी, म्हणजे परत कधी येणार. म्हशीचा डॉक्टर येवो नाहीतर पाहुणा, आधी नोंद, मग पाणी. पास नसला तर गाडीचा नंबर चालतो. माझी सख्खी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या नावापुढे कामाच्या रकान्यात त्यांनी 'विशेष नाही' असं लिहिलं. ते मी अजून विसरलेले नाही.

घरात आम्ही दोघंच. नवरा, वीरधवल, तोही फौजेत, वर्षातून दोनदा येतो. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या आजारपणात मी नोकरी सोडली होती. कराडच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली बाई मी, पण परत आले ती निम्म्या हुद्द्यावर. सांगलीतल्या एका छोट्या कंपनीचं काम घरून करते, आणि माझ्या मागून आलेली पोरं मला कामं नेमून देतात. हे मला लागतं. रोज लागतं.

त्या दिवशी ते संपायची संधी होती.

हळदीच्या गोदामांसाठी कंपनीने केलेला एक प्रोग्राम होता, इतका जुना की त्याला हात लावायला कुणी धजत नव्हतं. आता आमच्याकडे एआय एजंट आला होता. काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप केला की तो कोड लिहितो, दुरुस्त करतो. आणि दुसरीकडे एक कोड तपासणारा प्लॅटफॉर्म, जो फक्त चुका काढतो. एक राबणारी सून आणि एक उणीदुणी काढणारी नणंद. या दोघींची मला गाठ घालून द्यायची होती, म्हणजे नणंदेने चूक दाखवायची आणि सुनेने तिथल्या तिथे निस्तरायची. दुपारी तीन वाजता आमच्या मालकीणबाई, चंदनबाला मॅडम, गोदामवाल्यांना हे चालू करून दाखवणार होत्या.

"जमलं तर नव्या कामाची टीम लीडर तू," सकाळी व्हिडिओ कॉलवर माझे साहेब श्रेणिक चौगुले म्हणाले. "सोमवारपासून सांगलीत. ऑफिसला यावं लागेल, घरून नाही."

आबा शेजारीच खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर रजिस्टर.

"टोकन पाठवलंय," श्रेणिक सर म्हणाले. "ही एजंटची किल्ली. एकदाच उघडणारा निरोप आहे, बंद केला की परत दिसत नाही. नवी किल्ली काढायचा हक्क फक्त माझ्या खात्याला, आणि मी आता बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, चाललोय. मोठी पूजा आहे. फोन घरी ठेवणार, चारनंतर भेटू."

मी निरोप उघडला. चाळीस अक्षरांची ती चित्रविचित्र रांग पडद्यावर आली. सर आणखी पाचेक मिनिटं काय काय सांगत होते, मी मान हलवत होते. कॉल संपल्यावर आबांनी विचारलं, "ह्यो एजंट कोन? कुठला?"

"माणूस नाही आबा, प्रोग्राम आहे."

"आत येतोय न्हवं?"

"हो, पण..."

"मग नोंद हाय त्येची."

मी टोकन कॉपी करून एजंटला जोडणीचा हुकूम दिला. एजंट कुठलीही गोष्ट करायच्या आधी विचारतो आणि तीन पर्याय देतो. एक: हो. दोन: हो, आणि पुन्हा विचारू नका. तीन: नाही. मी दोन दाबणार तेवढ्यात आबांनी माझा हात धरला.

"पुन्हा विचारू नका? सेंट्रीला असं कोन म्हनतं व्हय? दर येळी इचारायचं!"

मी कपाळावर हात मारला आणि एक दाबला. तेवढ्यात मागून तात्याबांची हाक आली. तात्याबा आमचे शेजारी. आमची म्हैस दावं तोडून त्यांच्या उसात शिरली होती. आबांचे गुडघे कामातून गेलेले, तेव्हा पळायचं मलाच.

"आबा, यानं काही विचारलं तर फक्त एक दाबा," असं सांगून मी काठी घेऊन धावले.

म्हशीने मला तीन सऱ्या फिरवलं. अर्ध्या तासाने चिखलाने माखून परत आले तर लॅपटॉप मिटलेला आणि आबा समाधानाने चहा पीत बसलेले.

"बंद केलं," ते म्हणाले. "लयच चौकशा करत हुता. म्या इचारलं, तुला कुनी धाडला, तर बोलंना. तीन दाबलं. परत इचारलं, परत तीन दाबलं. तिसऱ्यांदा इचारतोय म्हनल्यावर नियत खोटी. मग त्ये बटन दाबून धरलं, पार अंधार हुईस्तवर."

मी लॅपटॉप उघडला. निरोप गेला होता, कॉपी केलेलं टोकन गेलं होतं, जोडणी झालीच नव्हती. श्रेणिक सरांना अकरा फोन केले. अकराव्याला त्यांच्या पत्नी सुंदरीवहिनींनी उचलला. "फोन इथं फ्रिजवर वाजतोय बघा," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "निरोप धाडू का बस्तीत? पण पूजा टाकून उठायचे नाहीत हो ते."

मग माझा तोल गेला. "हे घर आहे आबा, छावणी नाही! सिलिंडर परत, पाहुणे परत, आता माझी नोकरी परत! एवढा पहारा देताय, पण इथं राखण्यासारखं उरलंय काय?"

 आबांनी कप खाली ठेवला, टोपी घातली आणि ते गोठ्याकडे गेले.

बोलून गेले आणि तोंड कडू झालं. राग मात्र उतरत नव्हता. दीड वाजला होता. काही सुचेना म्हणून मी ओसरीवर त्या रजिस्टरसमोर बसले आणि उगाच पानं उलटत राहिले. जुन्या पानांवर वापसीचे रकाने कुठे भरलेले, कुठे मोकळे. मग तीन वर्षांपूर्वीचं एक पान आलं. नाव: रंगूबाई. काम: दवाखाना, सातारा. बाहेर: पहाटे पाच दहा. वापसीचा रकाना मोकळा.

सासूबाई त्या दवाखान्यातून परत आल्याच नव्हत्या.

त्या ओळीच्या खाली मात्र एकही वापसी मोकळी नव्हती. वीरधवलच्या प्रत्येक रजेनंतर पुढच्या रजेची तारीख. माझ्या बाजाराच्या फेऱ्या, वेळेसकट. अगदी म्हशीच्या डॉक्टरच्या नावापुढेसुद्धा 'पुढील सोमवार' असं होतं. मला माझीच लाज वाटली. आबा काय राखत होते ते मला आत्ता कळलं, आणि मी तोंडावर विचारून आले होते.

आजचं पान बघायला गेले तर ते फाडलेलं होतं.

"माज्याकडं हाय," दारातून आबा म्हणाले. ते कधीपासून तिथे उभे होते कोण जाणे. खिशातून त्यांनी घडी केलेला कागद काढला. "त्या एजंटचा पास नंबर लिवून घेतला हुता सकाळी, तू बोलत हुतीस तवा. एकदाच दिसनारी किल्ली म्हनला न्हवं त्यो? असलं उगड्यावर ठेवत न्हाईत."

"आबा!" मी ओरडलेच. "आधी का नाही सांगितलंत?"

त्यांनी टोपी नीट केली. "सोमवारपासनं सांगली म्हनत हुता त्यो चौगुल्या. गोठ्यात बसून लय इचार केला. न्हाई सांगितलं तर कुनाला कळनार हुतं? मग म्हनलं, सिग्नलवाल्यानं आलेला संदेश दाबून ठेवायचा न्हाई. बस खाली. कागद मिळनार न्हाई, मी बोलतो, तू लिव."

मला भरून आलं, पण रडायला वेळ नव्हता. बिनतारीवर अक्षर चुकू नये म्हणून फौजेत एसला सिएरा, क्यूला क्वेबेक, टीला टँगो आणि एलला लिमा म्हणतात.

"स्मॉल सिएरा. स्मॉल क्वेबेक. आकडा सात. कॅपिटल टँगो. जिरो."

"आबा, जिरो का इंग्रजी ओ? दोन्ही सारखंच दिसतं."

"आमी जिरोच्या पोटातनं रेघ मारतो. रेघ हाय, म्हंजे जिरो. पुढं लिव."

चाळीस अक्षरं झाली. मी हुकूम सोडला. उत्तर आलं: टोकन चुकीचं आहे. मी त्यांच्याकडे बघितलं. नजरेत काय होतं ते त्यांनी ओळखलं.

"माजं चुकत न्हाई. ऐकनारा परत वाचून दावतो. वाच."

मी वाचून दाखवलं. एकोणिसाव्या अक्षराला त्यांनी हात वर केला. "स्मॉल लिमा म्हनलो हुतो. तू आकडा एक लिवलास." चूक माझी होती, घाईत एलच्या जागी तसाच दिसणारा एक दाबला होता. दुरुस्त केली. पडद्यावर हिरवी खूण आली: जोडणी झाली. आबांनी कागद घेतला, चुलीपाशी गेले, पेटवला आणि पूर्ण राख होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

तीन वाजता मॅडम व्हिडिओ कॉलवर आल्या, सोबत गोदामवाले दादासो पाटील. नणंदेने एका झटक्यात त्रेसष्ट चुका काढल्या. एजंट कामाला लागला आणि दर दुरुस्तीला विचारू लागला. मी आबांकडे बघितलं. दोन दाबायची माझी हिंमत झाली नाही. कॅमेऱ्याबाहेरून ते दर वेळी खणखणीत सांगत होते, "एक!"

"ह्यो आवाज कुनाचा?" दादासोंनी विचारलं.

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. "सर, आमचे सुरक्षा अधिकारी आहेत," मी म्हणाले.

मग एजंटने एक जुनी फाइल काढून टाकू का, असं विचारलं. ती कोणीच वापरत नाही असं त्याचं म्हणणं.

"तीन!"

"आबा, ती पडूनच आहे," मी कुजबुजले.

"कुनाची हाय?"

"गोदामवाल्यांची."

"मग त्यास्नी इचार."

दादासो खुर्चीतून अर्धे उठले. "ठेवा, ठेवा! गेल्या हंगामाच्या पोत्यांची यादी असंल ती." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "मशीनबिशीन मला कळत न्हाई. पन इचारल्याबिगर हात लावत न्हाई, ह्ये बेस केलंसा." मॅडमनी तिथल्या तिथे सांगितलं, सोमवारी दहाला ये.

सोमवारी पहाटे बॅग घेऊन मी ओसरीवर आले. सकाळची गाडी पकडायची होती. आबा टेबलाशी बसून लिहीत होते. नाव: शिवांजली निकम. काम: टीम लीडर. बाहेर: पाच पन्नास. वापसीपाशी पेन थांबलं.

"बघू आबा," मी म्हणाले. "काम कसं पडतंय त्यावर आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग गाडी चुकंल. ह्यो रकाना मोकळा ठिवून मी कुनाला सोडत न्हाई."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. "बरं, मग जाऊ का? पर्याय घ्या. एक: हो. दोन: हो, आणि पुन्हा विचारू नका. तीन: नाही."

वाटलं होतं, आज तरी दोन म्हणतील. आबांनी माझ्या बॅगकडे बघितलं.

"एक," ते म्हणाले. "दर सोमवारी इचारायचं. इचारायला आदी घरी यावं लागतंय."

मी पेन घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, शनिवार, संध्याकाळी सहा. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, 'सहा' खोडून फौजी पद्धतीने 1800 केलं, आणि दोन्ही शून्यांच्या पोटातून रेघ मारली.