शून्य गुणांचा चहा

मी जॅनिस ऑर्मरॉडची किटली बोलतेय. विजेवरची, स्टीलची, झाकण जरा ढिलं झालेली. पाणी उकळलं की खटकन बंद व्हायचं आणि गप्प बसायचं, एवढंच मला शिकवलेलं. पण घडलेलं पाहणाराच गप्प बसला की काय होतं, ते मी या स्वयंपाकघरात पाहिलंय. म्हणून आज न उकळताच बोलते.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. पुढे इंग्लंडात, लँकेशायरमधल्या एका दुकानाच्या फळीवर मी दोन महिने बसून होते. एक दिवस बेकरीतल्या चार बायका आल्या आणि मला घेऊन गेल्या. त्यांनी वर्गणी काढली होती. सव्वीस वर्षं पहाटे उठून पावाचे ट्रे उचलणारी त्यांची जॅनिस काम सोडत होती. खरं तर तिच्या हातांनीच काम सोडलं होतं. संधिवातानं बोटं वाकडी झाली होती आणि ट्रे हातातून सटकू लागले होते. 'आता निवांत बसून चहा पी,' असं कार्डावर लिहून त्यांनी मला तिच्यापुढे धरलं. घ्यायला ती पुढे झाली, मग हसली आणि म्हणाली, "टेबलावरच ठेवा."

पोटभर पाणी असलं की माझं वजन अडीच किलोच्या वर जातं. हे मला तिच्या घरी आल्यावर कळलं. ती मला कधी नळाखाली धरत नसे. पेला दोन्ही तळव्यांत धरून थोडं थोडं पाणी माझ्यात ओतायची. एका चहाला पाच-सात मिनिटं लागायची. उकळतं पाणी कपात ओतणं तर फारच अवघड. त्यासाठी तिच्या थोरल्या बहिणीनं, पॉलीननं, तारेचा एक झुलता पाळणा आणून दिला. मला त्यात बसवलं की तळव्यानं नुसतं ढकललं तरी मी पुढे झुकते आणि कप भरते. मला तो पाळणा फार आवडला. जॅनिसला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी असली खेळणी काय वापरायची, म्हणायची. पण वापरायची.

इथल्या माणसांची एक खोड मी पहिल्या महिन्यातच ओळखली. पाय प्लास्टरमध्ये असला तरी "कसं काय?" म्हटलं की ती "बरं आहे, तक्रार नाही" म्हणणार आणि हवेविषयी बोलू लागणार. मान सांगावा जना, अपमान सांगावा मना, ही म्हण यांना कुणी शिकवली कोण जाणे. जॅनिस तर त्यात सगळ्यांची मुकादम.

काम करू न शकणाऱ्यांना सरकार जी मदत देतं, तिच्यासाठी अर्ज करायचा ठरलं. ती मिळाली नाही, तर धडधाकट माणसासारखं रोज काम शोधावं लागणार आणि शोधल्याचे पुरावे द्यावे लागणार. ते जमलं नाही की सगळेच पैसे बंद. मग हे घर सोडून पॉलीनच्या बैठकीतल्या सोफ्यावर जायचं. जॅनिसला त्या सोफ्याची धास्ती होती. बहिणीवर तिची माया होती, पण या घरातली खिडकी, या घरातली खुर्ची आणि आपल्या दाराची किल्ली तिला सोडायची नव्हती.

अर्ज जाडजूड होता. जॅनिसला पेन धरवत नसे, म्हणून पॉलीन लिहायला बसली. माझ्यात तीनदा पाणी उकळलं तरी अर्धा अर्ज झाला नव्हता.

"न थांबता दोनशे मीटर चालता येतं का?" पॉलीननं वाचलं.

"हो लिही."

"परवा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलीस आणि भिंत धरून उभी राहिलीस. मीच आणलं ना तुला घरी?"

"पण गेले तर होते."

पॉलीननं पेन खाली ठेवलं. "जॅनी, इथे बक्षीस नाही मिळायचं. इथे आपला सगळ्यात वाईट दिवस सांगायचा असतो."

"वाईट दिवस काय लोकांना सांगायचे असतात?" जॅनिस म्हणाली आणि माझं बटण दाबायला उठली.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे इथेही तसंच आहे. पाचव्या महिन्यात पत्र आलं, की घरी तपासणीला एक बाई येतील. त्या दिवशी सकाळपासून जॅनिसची जी धावपळ सुरू झाली, ती पाहून माझं पाणी न तापवताच गरम झालं. तिनं टेबल पुसलं. ओठांना लाली लावली. लग्नकार्यात घालायचा निळा ब्लाउज चढवला. त्याची बटणं लावायला तिला पाऊण तास लागला. आणि सगळ्यात शेवटी तिनं माझा पाळणा उचलून भांड्यांच्या कपाटात, पातेल्यांच्या मागे ढकलून दिला. परक्या माणसासमोर घर आजाऱ्याचं दिसू नये म्हणून.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. जॅनिसची मूठ तर झाकतही नव्हती, तरी तिनं ती झाकली.

बाई वेळेवर आल्या. बोलायला चांगल्या होत्या, उगाच खोटं का सांगू? बैठकीत बसल्या, लॅपटॉप उघडला, कशा आहात म्हणून विचारलं. बरी आहे, तक्रार नाही, असं उत्तर गेलं. मग जॅनिसनं चहाचं विचारलं. बाई नको म्हणाल्या. पण इथे पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं आणि यजमानानं ते ऐकायचं नसतं. जॅनिस स्वयंपाकघरात आली.

दोघींच्या चहापुरतं पाणी माझ्यात होतं. पाळणा नव्हता. तिनं मला दोन मनगटांमध्ये धरून उचललं. पहिला कप भरला. दुसऱ्या कपाला तिचा हात लटपटला, मी कलंडले आणि उकळतं पाणी तिच्या डाव्या मनगटावर पडलं. ती ओरडली नाही. ओठ घट्ट मिटून तिनं मला खाली ठेवलं, मनगट क्षणभर नळाखाली धरलं, बाही ओढून त्यावर घेतली आणि ट्रे दोन्ही कोपरांवर तोलत बाहेर गेली. तिचा आवाज मला ऐकू आला. "साखर किती घेता?"

मी तिथे ओट्यावर थंड होत होते. काय करू शकत होते मी? माझी शिटीसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी तपकिरी लिफाफा आला. पॉलीननं तो माझ्याशेजारीच उभं राहून वाचला. अर्जदार बाई व्यवस्थित पोशाखात होत्या, प्रसन्न होत्या. स्वतः उठून चहा केला, कुणाची मदत घेतली नाही, ट्रे स्वतः आणला. प्रत्येक अडचणीला गुण असतात; मदतीसाठी पंधरा लागतात, मिळाले शून्य. काम करण्यास पात्र.

"चहा केलास?" पॉलीननं एवढंच विचारलं.

"घरी आलेल्या माणसाला तसंच पाठवू?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. मनगटावर पट्टी दिसली तेव्हा ओव्हनचा चटका बसला असं जॅनिसनं पॉलीनला सांगून टाकलं होतं. फेरविचाराचा अर्ज गेला, उत्तर तेच आलं. मग अपील. जॅनिसला कशाचाच उत्साह राहिला नव्हता. कपात चहाची पिशवी टाकून ती बसून राहायची आणि चहा तसाच निवायचा. मीही थकले होते. एकच पाणी दिवसातून चार-चारदा तापवायचं आणि कुणी प्यायचं नाही, याचाही शीण येतो.

सुनावणीच्या दिवशी पॉलीननं मला आणि पाळण्याला कापडी पिशवीत घातलं. बसमधून आम्ही तिघी गेलो. समोर एक न्यायाधीश बाई होत्या आणि एक म्हातारे डॉक्टर. मला टेबलावर मांडलं. न्यायाधीश बाईंनी आधी विचारलं, "कशा आहात?"

"बरी आहे. तक्रार नाही," जॅनिस म्हणाली. पॉलीननं डोळे मिटून घेतले.

न्यायाधीश बाईंनी पाळण्याविषयी विचारलं. त्या दिवशी तो कपाटात होता, हे जॅनिसनं खाली मान घालून सांगितलं. डॉक्टर मघापासून तिच्या हातांकडे पाहत होते.

"मनगटावर हा डाग कशाचा?"

"काही नाही. पाणी सांडलं होतं."

"कधी?"

जॅनिसनं माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं. तिला ठाऊक होतं, की तेव्हा तिथे होतो त्या आम्ही दोघीच.

"त्या तपासायला आल्या होत्या, तेव्हा."

"मला तर ओव्हनचं म्हणाली होतीस," पॉलीन हळूच म्हणाली.

"त्यांना का नाही सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

जॅनिसला प्रश्नच विचित्र वाटला असावा. "चहा त्यांच्यासाठीच करत होते ना," ती म्हणाली. "त्यांना वाईट वाटलं असतं."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्या म्हणाल्या, "जॅनिस, आता पुन्हा विचारते. कशा आहात?"

जॅनिसनं दोन्ही हात माझ्याशेजारी टेबलावर ठेवले. एकदा सुरुवात झाल्यावर ती अर्धा तास थांबली नाही. बटणं, जिना, केस विंचरणं, आंघोळ. पॉलीनलाही त्यातलं अर्धं माहीत नव्हतं. ती रडत होती.

मदत मंजूर झाली. घर राहिलं. दोन वर्षांनी पुन्हा तपासणी, असंही त्याच कागदावर लिहिलंय. त्यामुळे फार हुरळायला जागा नाही, आणि आम्ही दोघी हुरळण्याच्या वयाच्याही नाही.

मागच्या आठवड्यात गॅसचं मीटर वाचायला एक गृहस्थ आले होते. जॅनिसनं त्यांना चहाचं विचारलं. मेली तरी विचारेल ती. ते नको म्हणाले. ती खुर्चीतून उठली मात्र नाही. "घ्या हो," म्हणाली, "पण तुम्हालाच करावा लागेल. माझे हात चालत नाहीत. मला एक चमचा साखर." त्या माणसानं मला नळाखाली धरून काठोकाठ भरलं. इतकी भरलेली मी कित्येक दिवसांत नव्हते.

आता माझं झाकण लागत नाही, तळाला पांढरा थर बसलाय. पुढची तपासणी होईल तेव्हा या जागी नवी किटली असेल. तिला माझा एक निरोप द्या: पाळणा ओट्यावरच राहू दे. आणि जॅनिस तो उचलून कपाटाकडे निघालीच, तर बाई गं, निदान तू तरी गप्प बसू नकोस. खडखडाट कर.