धर्माजीच्या वाडीतली काळी धार

धर्माजी माझा सख्खा दीर. मी लग्न होऊन बोईसरजवळच्या माहीमला आले तेव्हा हा चड्डीवर चिंचा पाडत फिरायचा. माझ्या हातच्या भाकरी खाऊन मोठा झाला. आणि माझ्या नवऱ्याच्या बाराव्याला, पाहुणे जेवून हात धूत होते तेव्हा, हा मेला टेप घेऊन वाडी मोजत होता. टेपचं दुसरं टोक धरायला माणूससुद्धा बोलावून ठेवला होता. त्या दिवसापासून अकरा वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. लोक म्हणायचे, हंसाबाई, सोडून द्या आता. का म्हणून सोडू?

वाटणीत वरची अर्धी वाडी मला आली, खाडीकडची त्याला. मी लावलेल्या पानवेली, मी डोक्यावरून शेणखत वाहून पोसलेल्या, त्याच्या बाजूला गेल्या. विहीर त्याला एक, मला एक. त्याच्या वाडीच्या टोकाला, खाडीच्या अलीकडे, काळ्या दगडाची एक लांब धार जमिनीतून वर आलेली आहे. पुरुषभर उंच, बैलगाडीएवढी रुंद. आम्ही तिच्यावर गोधड्या वाळत घालायचो. बाकी तिचा काय उपयोग, ते कोणी कधी विचारलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर कीर्ती नावाची एक मुलगी माझ्याकडे राहायला आली. मुंबईच्या कॉलेजात ज्वालामुखीचा अभ्यास करायची. मी म्हटलं, "अगं बाई, इथं ज्वालामुखी कुठला? इथं साधा फटाका नीट पेटत नाही." ती हसली. रोज सकाळी हातोडी घेऊन निघायची, धर्माजीच्या धारेचे टवके काढायची, पिशव्यांवर आकडे घालायची. परवानगी तिनं माझ्या जावेकडून, मंदाकडून घेतली होती.

संध्याकाळी माझ्या चुलीपाशी बसून सांगायची. जमिनीखाली दगड वितळून त्याचा रस होतो, त्यात सिलिका किती यावर सगळं असतं. सिलिका म्हणजे काय, तर वाळू ज्याची असते ते. ते कमी असलं की रस पातळ, कोसच्या कोस वाहत जातो, त्यातली वाफ सुखानं निघून जाते. जास्त असलं की रस घट्ट, वाफ आत कोंडते आणि डोंगराचं टकुरंच उडतं.

"म्हणजे पेज आणि पिठलं," मी म्हटलं. "पेज गुमान उकळते. पिठलं रटरटलं की हातावर उडतं."

"अगदी तसंच काकू!" पोरगी एवढी खूश झाली की वहीत लिहून घेतलं.

तिचं म्हणणं, आपल्याकडचा रस पातळच होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांब भेगा पडल्या, त्यांतून तो वर आला, सगळा मुलूख भरून वाहिला, आणि शेवटचा भेगेतच थिजला. ती ही धार. वर दिसते ती थोडी, खाली किती खोल गेलीय त्याचा पत्ता नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ती दोन बाटल्या घेऊन आली. धारेच्या पलीकडे खड्डा करून काढलेलं पाणी एकीत, धर्माजीच्या विहिरीचं दुसरीत. पहिलं मी जिभेवर धरलं आणि थुंकले. नुसतं मीठ. दुसरं गोड.

"काकू, ही धार म्हणजे भिंत आहे. खाडीचं पाणी हिनंच अडवलंय. काका इथं पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं म्हणतायत, धार फोडून जागा सपाट करणार आहेत. पायासाठी खोल फोडली तर त्यांची विहीर गेली म्हणून समजा."

"आणि माझी?"

"तुमची बरीच वर आहे, लांब आहे. तुम्हाला नाही काही होणार. मी काकांना सांगून येते."

ती उठलीसुद्धा. मी तिचा हात धरून खाली बसवलं. "तू नको जाऊस. माणूस तिरसट आहे, तुझ्या अंगावर येईल. मी सांगते."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं. अकरा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. माझ्या नवऱ्याची चिता विझते न विझते तोच ज्यानं टेप काढली, त्याच्या घशात खारं पाणी जाणार, आणि मला नुसतं गप्प बसायचं होतं.

पण गप्पही बसता आलं नाही. आठ दिवसांनी भर दुपारी धर्माजी माझ्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. चप्पल बाहेर काढून. बोईसरच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून वाळला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी सुपातले तांदूळ निवडत राहिले.

"वहिनी, एक विचारायचा हाय. ती पोरगी तुमच्याकडं ऱ्हायली. धारेबद्दल काय बोलली का? उद्या मशीन बोलावलाय. फोडायला काय हरकत तर नाय ना?"

अकरा वर्षांनी वहिनी! मी मान वर केली. "बोलली ना. ज्वालामुखीचा दगड हाय म्हणाली. कोटी वर्षांचा."

"ते नाय. फोडला तर काय होल?"

"काय व्हायचाय? दगड तो दगड. फोड की."

"पाणी देता का जरा?" म्हणाला. मी दिलं. प्यायला, भांडं उपडं घातलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी बोईसरहून मशीन आलं. ड्रायव्हर वैतागून ओरडत होता, "बहुत कडक पत्थर है सेठ!" तीन दिवस माझ्या घरातली भांडी थरथरत होती आणि मी आरामात सुपारी कातरत ऐकत होते. चौथ्या दिवशी सपाट. वर पायासाठी खोल खड्डे.

शिमग्याच्या पुनवेला मोठं उधाण आलं आणि त्यानंतर धर्माजीच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. चैत्रात तोंडात धरवेना. पानवेलींची पानं कडेनं जळत गेली, मग वेलीच वाळल्या. तीस वर्षांच्या वेली. खोल्या पायापर्यंतच राहिल्या. धर्माजी रोज विहिरीच्या काठावर बसून आत बघायचा.

मंदा हंडा घेऊन माझ्या दारात आली. "ताई, प्यायला पाणी न्यायचा होता." मी म्हटलं, ने की, विचारायचं काय त्यात. ती रोज दोनदा यायला लागली. गावात माझं नाव झालं. एवढं वैर, पण पाण्याला नाही म्हटलं नाही, हंसाबाईचं मन मोठं! देवळात बायका मला पुढे बसवायला लागल्या. मला मात्र अन्न गोड लागेना. मंदा रहाट ओढायची, माझ्याकडे बघायची, हंडा उचलून जायची. शेवटी परवा मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मंदा, ती कीर्ती मला सांगून गेली होती. धार फोडली तर पाणी खारं होईल म्हणून. मी धर्माजीला सांगितलं नाही. मुद्दाम."

तिनं रहाट थांबवला नाही. "माला म्हाईत हाय."

"काय?"

"मशीन यायच्या आदल्या सांजेला पोरीनं माला फोन केलता, काकूंनी काकांना सांगितला ना, म्हणून. मी लगेच यांना सांगितला. पाया पडले, नका फोडू म्हणून." बादली वर आली. तिनं हंडा भरून घेतला.

"मग? ऐकलं का नाही त्यानं?"

"तुमच्याकडना दुपारीच आलेले ना. म्हणाले, वहिनी भांडल, शिव्या देल, माझ्या मढ्यावर पण येणार नाय, पण खोटा बोलणार नाय. ती पोर कालची, तुला काय अक्कल नाय. तुमचाच शब्द धरला त्यांनी."

मी विहिरीच्या कठड्यावर बसले. "मग तू त्याला अजून सांगितलं नाहीस? मी खोटं बोलले ते?"

"नाय. त्यांना वाटतं, तुमाला पण पोरीनं सांगितला नसल." मंदानं हंडा डोक्यावर चढवला, पदर नीट केला. "आणि सांगायची पण नाय. त्यांच्याकडं आता तुमचा तेवढा शब्दच ऱ्हायलाय."