बोनेटवरचा शब्बाथ

रोह्याचा केरू ट्रॅक्स चालवायचा, पण गाडीपेक्षा त्याची जीभ जोरात पळायची. डोलवीच्या हन्नाबाईंना तो छाती ठोकून सांगून बसला होता, "तुमच्या बहिणीला शुक्रवारी इमानतळावरून उचलतो आन् दिवस बुडायच्या आत तुमच्या दारात उभी करतो!"

आता हा शब्द त्याच्या गळ्याशी आला. सिपोराबाई इस्रायलहून एकतीस वर्षांनी येत होत्या, आणि दोघी बहिणींना शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा मिळून लावायचा होता. तो लावायचा सूर्य बुडायच्या आत. एकदा बुडाला की दिवाही लावायचा नाही आणि गाडीतही बसायचं नाही. आणि रस्ता कुठला, तर आपला मुंबई-गोवा हायवे! पेण मागे पडलं, वडखळ हाकेवर आलं, आणि गाड्या अशा ठाकल्या की ट्रकवाले खाली उतरून पत्ते पिसायला लागले.

"केरू, सूर्य बघ रे!" मागून सिपोराबाई ओरडल्या.

"बघतोय, मावशी."

"नुसता बघून काय करतोस? गाडी हाक!"

"कुठं हाकू? खाडीत?"

केरूने पुढचा ट्रेलर, खड्डे आणि खड्डे बुजवणारे अशा सगळ्यांचा उद्धार केला. गाडी काही वीतभर हलली नाही. सिपोराबाई पदराने डोळे पुसू लागल्या, तेव्हा मात्र त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. कशाला मेल्याने पैज मारावी तशी जबान दिली, असं त्याला झालं.

तेवढ्यात पुढच्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढली. "रोह्याचा केरू कोण रं? एक म्हातारी डोलवीकडून आलेल्या मिनीडोर रिक्षातून उतरून तुझ्या नावानं शंख करत येतेय. एकेका गाडीत डोकावतेय!"

म्हातारी आलीच. हातात पिशवी, कपाळावर आठ्या.

"केऱ्या, तुझ्या भरवशावर बसले असते तर झालंच होतं! हा रस्ता मी ओळखून हाय."

सिपोराबाई धडपडत खाली उतरल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"किती सुकलीस गो, हन्ना!"

"आन् तू किती फुगलीस गो! रडायचं मागनं. आधी दिवा."

हन्नाबाईंनी पिशवीतून काचेचा पेला, तेलाची बाटली आणि वात काढली.

"मावशी, हितं? रस्त्यात?" केरू चाचरला.

"मग काय, तुझ्या घरी रोह्याला जाऊन लावू?"

पेला बोनेटवर ठेवला. धरमतरच्या खाडीच्या बाजूला सूर्याची कड तेवढी उरली होती. दोघींनी वात पेटवली, हातांनी डोळे झाकले आणि ओठ हलवू लागल्या. केरूनेही टोपी काढली. का ते त्यालाही कळलं नाही.

आणि नेमका तेव्हाच ट्राफिक सुटला! पुढचा रस्ता मोकळा, मागे शंभर हॉर्न.

"मावशी, दिवा उचला, निघू या."

"लावलेला दिवा हलवायचा नाय," हन्नाबाई म्हणाल्या. "विझवायचा नाय. आन् आता आम्ही गाडीत बसायच्या नाय."

केरू मटकन रस्त्यावरच बसला. शिट्टी फुंकत हवालदार धावत आला. "कोणाची रे ही गाडी?"

"बंद पडलीय, सायेब."

"बोनेट उघड बघू."

"कसं उघडू? वर दिवा हाय."

हवालदाराने दिवा पाहिला. रस्त्याच्या कडेला हातात हात घेऊन बसलेल्या, एकाच वेळी हसणाऱ्या आणि रडणाऱ्या दोन म्हाताऱ्या पाहिल्या.

"आजी, किती वेळ चालायचं हे?"

"बेतानंच तेल घातलंय. तासभर. मग आम्ही चालत जाऊ डोलवीला."

"तासभर? अहो, मागं पार मुंबईपर्यंतचे लोक खोळंबलेत!"

"मी एकतीस वर्षं थांबले रे बाबा," हन्नाबाई म्हणाल्या. "त्यांना तासभर थांबायला काय झालं?"

 हवालदार रस्त्याच्या मधोमध जाऊन गाड्या दुसऱ्या अंगाने काढू लागला, आणि पहिल्याच ट्रकवाल्यावर खेकसला, "हळू घे, वारा लागंल!"