चांदणीची खाच

सन दोन हजार चोवीसचा जुलै महिना, आषाढाचे दिवस. तलासरीकडच्या एका पाड्यातील अंगणवाडीत पाच वर्षांच्या लाडकीपुढे त्या दिवशी मला ठेवण्यात आले. मी दहा खाचांची लाकडी पाटी. वर्तुळ, चौकोन, चांदणी असे दहा सुटे आकार माझ्यासोबत असतात. मूल ते आपापल्या खाचेत किती वेळात बसवते, यावरून मोठी माणसे त्याच्या बुद्धीचे माप काढतात. मला वाचा नाही, हे वेगळे सांगायला नको. तरीही आज बोलते आहे, कारण त्या दिवशी चूक माझी होती.

प्रथम माझे कूळ सांगते. डहाणूजवळ मसोलीस हाल्या सुताराने मला एका मोडलेल्या सागवानी दारातून घडवले. साग तेवढाच निघाला, म्हणून आकार त्याने आंब्याच्या फळीतून कापले. पाटी करवून घेणारे, मुलांची बुद्धी तपासणाऱ्या संस्थेचे नविन नावाचे सर शेजारीच उभे होते. आकारांभोवती किंचित फट ठेवतो, असे हाल्याने सुचवले, ते सरांना रुचले नाही. आकार तंतोतंत बसले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह.

"सर, साग नि आंबा एका रक्ताचे नाय," हाल्या म्हणाला. "पावसात आंबा अंगाने भरेल. मग मला शोधत येऊ नका."

सर हसले. हाल्याने फट न घासता कानस बाजूला ठेवली.

त्याच वर्षी चैत्रात पाड्यातील मुलांची परीक्षा झाली. हवा कोरडी होती, आकार टपटप बसले. लाडकी तेवढी नव्हती. आई बारकीबरोबर ती डहाणूकडे चिकूच्या वाडीत गेली होती. म्हणून तिची पाळी आषाढात आली. तोवर ओल धरलेल्या भिंतीशी मी आणि माझे आकार एकाच पेटीत पंधरा दिवस पडून होतो. त्या दमट हवेने माझे काही बिघडले नाही. आंब्याचे आकार फुगले.

लाडकीने प्रथम चांदणी उचलली आणि थेट चांदणीच्याच खाचेवर ठेवली. चांदणी आत जाईना. तिने अंगठ्याने दाबली, उलटून पाहिली, पुन्हा ठेवली. मग सरांकडे पाहिले. सरांचे लक्ष घड्याळाकडे होते. तेव्हा त्या लेकराने ठरवले की, मोठ्यांची पाटी चुकणार नाही, आपलाच हात चुकतो आहे. ती चांदणी घेऊन एकेका परक्या खाचेवर फिरू लागली, आणि कागदावर उतरले ते तेवढेच.

सेविका जयश्रीताईंना राहवले नाही. "सर, ही वाडीत आईच्या पुढ्यात बसून चिकू निवडते. लहान, मधला, मोठा. एक चुकत नाही."

"ताई, चिकू निवडून बुद्धी येत असती, तर वाडीतल्या बायका कलेक्टर झाल्या असत्या," सर म्हणाले, आणि दारात उभ्या असलेल्या बारकीला त्यांनी तिचे शिक्षण विचारले.

"दुसरी. मास्तर बोलले, हिच्या डोक्यात नाय जात."

सरांनी मान डोलावली आणि लिहिले: आईवर गेली आहे. पुढच्या चैत्रात पुन्हा परीक्षा. तेव्हाही हेच निघाले, तर लाडकीचे नाव मतिमंद मुलांच्या दूरच्या निवासी शाळेसाठी जाणार होते. बारकीला यातले एवढेच समजले की, आपल्या रक्तापायी आपली पोर आपल्यापासून तुटणार.

आईबापांचे काही ना काही मुलांत उतरते, हे मी नाकारत नाही. एकाच पावसात साग आणि आंबा सारखे वागत नाहीत, हे मी स्वतः भोगले आहे. परंतु आंबा फुगला, त्यास ओलही कारण होती. ती वगळून नुसत्या लाकडाला बोल लावणे हा न्याय नव्हे. आणि बारकीच्या डोक्यात जे गेले नाही, ते तिला कोणी कसे शिकवले होते, हे तर कोणी विचारलेही नाही.

पुढले महिने मी अंगणवाडीतच होते. जयश्रीताई लाडकीशी मायेने वागत, आणि मायेपोटीच त्यांनी तिला प्रश्न विचारणे सोडले. शेजारी बसणारी प्रगती "तिला नाय येत, मी सांगते" म्हणून तिची उत्तरे देऊ लागली. बारकी एकदा सांगून गेली की, हल्ली ती पोरीला चिकू निवडायला बसवत नाही, उगाच लहानमोठा माल मिसळायचा. हिवाळ्यात माझे आकार सुकून पूर्ववत झाले. लाडकी तोवर मांडीत हात धरून बसायला शिकली होती.

तुमच्या हाती कधी एखाद्या मुलाचे माप आले, तर आधी ते माप तपासून घ्यावे, एवढीच माझी विनंती. मला तेवढेही म्हणता आले नाही.

सन दोन हजार पंचवीसच्या एप्रिल महिन्याची सतरा तारीख, गुरुवार. हवा कोरडी ठणठणीत. चांदणी नुसती खाचेवर सोडली असती, तरी बसली असती.

"घे ना ग," जयश्रीताई म्हणाल्या.

"मला नाय येत."

सरांनी नेमलेला वेळ पूर्ण दिला. तो त्यांचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. मग घड्याळ खिशात गेले, नाव यादीत चढले आणि बारकीला सहीसाठी बोलावले. दुसरीतली अक्षरे आठवत ती आपले नाव लिहू लागली. सर आणि जयश्रीताई तिच्या बोटांकडे पाहत राहिले.

"लाडकी, तो पसारा आवर तोवर," जयश्रीताई मान न वळवता म्हणाल्या.

पसारा आवरणे ही काही परीक्षा नव्हती. लाडकीचे हात मांडीतून सुटले. वर्तुळ गेले, चौकोन गेला, नऊच्या नऊ आकार आपापल्या खाचेत गेले. तिचा हात एकदाही अडखळला नाही. उरली चांदणी. ती तिने खाचेवर धरली, क्षणभर थांबली आणि सोडली. चांदणी बसली. लाडकीने फ्रॉकच्या टोकाने ती पुसली आणि कोणी पाहिले का, म्हणून वर पाहिले.

बारकीचे शेवटचे अक्षर अजून व्हायचे होते. ते झाले. सरांनी कागदाची घडी घातली, मला उचलून पेटीत ठेवले आणि झाकण लावले.