दालमिलच्या खळ्यावरचा उजवा स्केट

मी एक जुना स्केट आहे, उजव्या पायाचा. डावा माझा जोडीदार. तो शेजारीच पडलाय, पण त्याला बोलायची फारशी हौस नाही. शिवाय मित्रांनो, उडी घेताना कोणताही पाय काहीही करो, हवेतून खाली उतरायचं ते माझ्यावर. सगळा भार मी झेललाय, तेव्हा सांगण्याचा मानही माझाच.

आम्ही बर्फावरचे पातीवाले स्केट नव्हे. वाशीम जिल्ह्यात बर्फ मिळतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. आम्हाला चाकं आहेत. पुढे दोन, मागे दोन, नाकापाशी रबराचा ठोकळा आणि वर घोटा झाकणारा पांढरा चामडी बूट. बूट पांढरा होता असं म्हणा, आता त्याचा रंग कोणता ते सांगणं कठीण आहे. रस्त्यावर सुसाट शर्यत लावणारे स्केट वेगळे. आम्ही गाण्याच्या तालावर गिरक्या आणि उड्या घेणारे.

आमचा जन्म दूर उत्तरेतल्या एका कारखान्यातला. तिथल्या कारागिराने माझ्या तळव्याला लोखंडी पट्टी ठोकली, चाकं बसवली आणि एका चाकाला टिचकी मारून ते किती वेळ फिरतं ते पाहिलं. चाक थांबायचं नावच घेईना. तो स्वतःशीच हसला. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. ती मी अजून जपून ठेवली आहे.

शेलूबाजारात सादिकचाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची मुलगी अनिसा शिकायला अकोल्याला गेली आणि तिथे तिला स्केटिंगचा नाद लागला. चाचांनी आम्हाला विकत घेतलं ते तिच्यासाठी. पोरगी चाकांवर चालते म्हणजे आपल्याच धंद्यात आली, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. अनिसाने आम्हाला खूप नाचवलं, स्पर्धांना नेलं, टाळ्या ऐकवल्या. मग शिक्षण संपलं, शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, आणि आम्ही दुकानातल्या खिळ्यावर जुन्या ट्यूबांच्या शेजारी लटकलो.

किती वर्षं लटकलो ते मोजलं नाही. एका उंदराने माझी लेस खाल्ली. धूळ अशी बसली की गिऱ्हाईक आम्हाला चपला समजत. पण दरवर्षी ईदच्या आधी चाचा दुकान झाडत, तेव्हा आम्हाला खाली काढून चाकांत तेलाचा थेंब सोडत आणि एकेक चाक फिरवून पाहत. कोणी विचारलं तर म्हणत, चालत नाही म्हणून काय झालं, गंजू कशाला द्यायचं? त्या तेलामुळेच मी आज बोलतो आहे. चाचांचे उपकार मी विसरणार नाही.

एक दिवस धम्मदीपा नावाची मुलगी सायकलचं पंक्चर काढायला आली. पंक्चर निघालं तरी ती जाईना. तिची नजर आमच्यावर खिळली होती. चाचांनी तिच्यासमोरच अनिसाला फोन लावला, आणि त्या रविवारपासून अनिसाताई तिला शिकवू लागल्या. मी तिच्या पायाला मोठा होत होतो, म्हणून बोटांपाशी कापूस कोंबला. उंदराने खाल्लेल्या लेसच्या जागी तिच्या आईने, बेबीताईंनी, घागऱ्याची नाडी ओवली. मला ती शोभत नव्हती, पण पकड चांगली होती.

आता गावात गुळगुळीत जमीन कुठून आणायची? धम्मदीपाचे बाबा, संघपाल, दालमिलमध्ये तूर वाळवण्याचं काम करतात. मिलच्या मागे सिमेंटचं मोठं खळं आहे. डाळ काढण्याआधी भिजवलेली तूर तिथे उन्हात पसरतात. वर्षानुवर्षं तूर ओढून ओढून ते खळं ताटासारखं गुळगुळीत झालंय. मिलमालक मदनसिंग यांनी एकच अट घातली, तुरीचा दाणा चाकाखाली यायला नको. मग रोज संध्याकाळी तूर गोळा झाली की संघपाल स्वतः खळं झाडून देत आणि आमचा खेळ सुरू होई. तरी तुरीचं फोल चाकांत शिरायचंच. दर रविवारी चाचा ते रॉकेलने धुऊन काढत.

त्या खळ्याची एक गंमत होती. मला तिथे नुसतं ठेवलं की मी आपोआप निघायचो, थेट नालीच्या दिशेने. धम्मदीपा माझ्या चाकापुढे खडा ठेवायची आणि म्हणायची, "नालीत पडाची एवढी घाई काहून रे तुले?" पळपुट्या हे नाव मला तेव्हापासून चिकटलं. सगळे हसायचे, मीही मनातून हसायचो. मी असा का पळतो, हे कोणी विचारलं नाही.

पाहता पाहता धम्मदीपा एका गिरकीची उडी शिकली आणि मग दोन गिरक्यांची. गाणं वाजवायचा डबा मिलच्या भिंतीपाशी असे, म्हणून ती तिथून निघायची, नालीकडे वेग घ्यायची, हवेत दोनदा फिरायची आणि अलगद माझ्यावर उतरायची. पोती शिवणाऱ्या बाया हातातलं काम सोडून पाहायच्या. संघपाल तर इतके फुलले की त्यांनी विहारात, चहाच्या टपरीवर, जीपवाल्यांत, सगळीकडे सांगून ठेवलं की पोरगी राज्याच्या स्पर्धेत दोन गिरक्या मारणार आणि देशाच्या स्पर्धेला जाणार. राज्यातून पहिल्या दोघीच पुढे जाणार होत्या. धम्मदीपाला त्या दोघींत यायचं होतं. मला तर त्याहून जास्त घाई होती, कारण तिचा पाय वाढत होता. कापूस केव्हाच निघाला होता आणि आता तिची बोटं माझ्या नाकाला टेकत होती. पुढच्या वर्षी मी तिच्या पायात नसणार, हे मला कळत होतं.

स्पर्धा पुण्याला होती. आदल्या दिवशी दुपारी सरावासाठी सभागृह मिळालं. लाकडाची फरशी, आरशासारखी. धम्मदीपाने वेग घेतला, उडी घेतली आणि आपटली. दुसऱ्यांदा गिरकी अर्ध्यावर राहिली. तिसऱ्यांदा मी कसाबसा टेकलो आणि सरकलो. मधूनच एखादी उडी साधायची, मग पुन्हा आपटायची. दुसऱ्या मुली सहज दोन गिरक्या घेत होत्या. अनिसाताई म्हणाल्या, प्रवासाने पाय थकले असतील. मला मात्र माझीच काळजी लागली, वाटलं माझीच चाकं अडली की काय.

ती बाकावर बसली, नाडी सोडली आणि मला खाली ठेवलं. सवयीने तिचा हात खडा शोधू लागला. खडा कुठून असणार? तिने माझ्याकडे पाहिलं. मी जागच्या जागी उभा होतो. तिने मला सोडलं, मी हललो नाही. वळवून ठेवलं, तरी हललो नाही. मित्रांनो, त्या पोरीचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"ताई," ती म्हणाली, "हा पळून नाही राह्यला. आपल्या खळ्याले ढाळ हाये. पाणी नालीकडे जावं म्हणून. मी रोज उतारावरूनच उडी मारली."

अनिसाताईंनी स्वतः मला वळवून ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, "माह्याही ध्यानात नाही आलं ते. आमी सारे याले हसतच राह्यलो."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दोन गिरक्यांची उडी साधली तर गुण जास्त, आणि नशिबाने साथ दिली तर ती पहिल्या दोघींत येऊ शकते. आपटली तर होते तेही गुण जातील. एका गिरकीची उडी घेतली तर गुण कमीच मिळतील, पण ते हातचे. काय करायचं ते तिनेच ठरवायचं, पाय तिचे आहेत. मी मनातून ओरडत होतो, घे दोन, घे दोन! माझा शेवटचा हंगाम होता हो.

संध्याकाळी तिने बाबांना फोन लावला. मी तिच्या मांडीवर होतो.

"बाबा, मी दोन गिरक्यायची उडी नाही मारत. ते उडी माही नाही, आपल्या खळ्याची हाये."

सगळ्या बाजारात सांगून बसलेला माणूस तो. मला वाटलं आता रागावतील. पण संघपाल म्हणाले, "मंग जे तुही हाये ते मार. लोकायले मी पाहून घेतो."

दुसऱ्या दिवशी तिने एकाच गिरकीची उडी घेतली. पण काय घेतली! घाई नाही, धडपड नाही. वर गेली, फिरली आणि अशी उतरली की माझ्या चाकांचा आवाजसुद्धा झाला नाही. मग हात पसरून माझ्या एकट्यावर तोल धरून तिने लांबलचक वळण घेतलं. इतकं हलकं मला कोणी कधी टेकवलं नव्हतं. तिचा तिसरा नंबर आला. पुढे जाणाऱ्या होत्या दोघी.

खरं सांगतो, परतीच्या गाडीत मी फुगून बसलो होतो. धम्मदीपाही खिडकीकडे तोंड करून थोडं रडली. गावी आल्यावर लोकांनी विचारलंच, दोन गिरक्यांचं काय झालं? तिने न लाजता ढाळाची गोष्ट सांगितली. सादिकचाचा पोट धरून हसले आणि मला म्हणाले, "वा रे पळपुट्या, इतके दिवस तूच सांगून राह्यला होता, अन् आमी तुले खडा लावत होतो."

तेवढ्याने माझा रुसवा गेला.

दुसऱ्या संध्याकाळी संघपालांनी खळं झाडलं. धम्मदीपाने गाण्याचा डबा उचलला आणि लांब वायर जोडून नालीपाशी नेऊन ठेवला. ती आता तिथून निघू लागली, मिलकडे, चढावर. मित्रांनो, चढ असा होता की डोळ्यांना दिसत नव्हता, पण माझ्या चाकांना विचारा! ती रोज आपटली. चाचांनी माझ्या नाकाशी चामडं ठोकून सैल केलं, म्हणाले, जितके दिवस निघतील तितके काढू. पोती शिवणाऱ्या बायांना आता पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्या आपलं काम करत राहिल्या.

आणि परवा ती चढावर दोनदा फिरली आणि माझ्यावर उतरली. पाहायला फक्त संघपाल होते, हातात झाडू. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि डोळे पुसले.

आता तिच्यासाठी नवे स्केट येणार आहेत आणि मी पुन्हा चाचांच्या खिळ्यावर जाईन. मला दुःख नाही. ज्यांनी मला घडवलं, गंजू दिलं नाही, नाडी ओवली, त्या सगळ्यांचं देणं माझ्या चाकांत आहे. तुमच्याही घरी कोपऱ्यात एखादी जुनी वस्तू पडली असेल, तिला अधूनमधून तेल द्या. आणि ती रोज एकाच बाजूला पळत असेल, तर हसा खुशाल, पण खडा लावण्याआधी एकदा वाकून जमिनीकडे पाहा.

काल संध्याकाळी धम्मदीपाने मला काढून खळ्यावर ठेवलं. मी नेहमीसारखा नालीकडे निघालो. तिने खडा लावला नाही. ती माझ्यामागून चालत आली, आणि नालीच्या काठावर तिने मला दोन्ही हातांनी उचलून घेतलं.